गल्लीकडची बाजू

"आज आत बसलात होय, काका?"

ट्राम चालवणारी मुलगी डोक्यावरच्या छोट्या आरशात बघत बोलली. हे आपल्याला उद्देशून आहे, हे बेलार्मिनोला कळायला थोडा वेळ लागला. लिस्बनच्या अल्फामा वस्तीतल्या अरुंद बोळातून धापा टाकत ट्राम नुकतीच वरच्या कोपऱ्यावर आली होती. दुपारचे जेमतेम तीन वाजले होते, दिवा हिरवा होता, रस्त्यात कुत्रंसुद्धा आडवं नव्हतं, तरी तिने गाडी जवळजवळ थांबवली होती. डावीकडच्या भिंतीपाशी फरसबंदीचे दगड जरा खचलेत, तिथे ती कुणाला तरी शोधत होती. तिथे कुणी नव्हतं. मग तिची नजर आरशात आली आणि त्याच्यावर थांबली. "सोमवारपासून दिसला नाहीत. म्हटलं, आजारी पडले की काय. आणि आज बघते तर तिकीट काढून ऐटीत आत. बरं केलंत. रोज उभं राहून पाय मोडत असतील." तिने पायाखालचा खटका दाबला, चाकं घसरू नयेत म्हणून रुळांवर सांडणाऱ्या वाळूचा सूक्ष्म आवाज झाला आणि गाडी पुढे सरकली. बेलार्मिनोने खांब घट्ट धरला. त्या कोपऱ्यावर त्याने पाऊल ठेवल्याला बारा वर्षं झाली होती.

बारा वर्षं त्याने तो कोपरा चुकवला होता, आणि चुकवणं म्हणजे साधं काम नव्हे. लिस्बनमध्ये एखादी जागा चुकवायची तर चढ-उताराशी भांडावं लागतं. एक बोळ टाळायचा म्हणून माणूस दोनशे पायऱ्या चढतो आणि वर पोचल्यावर बघतो तर त्याच बोळाच्या डोक्यावर उभा. त्यापेक्षा नदीपलीकडे जाऊन राहिलेलं बरं, असं म्हणून तो पेन्शनीत निघाल्या महिन्यातच बहिणीकडे कासिल्यासला जाऊन राहिला. पण पेन्शनीची कागदपत्रं टेकडीवरच्या, ग्रासा वस्तीतल्या जुन्या कचेरीतच राहिली, आणि दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला त्याला बोटीने नदी ओलांडून यावं लागे. इतकी वर्षं तो मागच्या बाजूच्या पायऱ्यांनी चढत आला. यंदा गुडघ्याने साफ नकार दिला. बोटीतून उतरल्यावर तो पायऱ्यांच्या तळाशी बराच वेळ उभा राहिला, वर बघत, आणि शेवटी स्वतःला शिव्या घालत ट्रामच्या रांगेत गेला. दोन मिनिटांचा बोळ. डोळे मिटून घ्यायचे, झालं. त्याने खरंच डोळे मिटले होते. ती मुलगी बोलली म्हणून उघडले.

"तू मला कुणी दुसरा समजतेस, पोरी," तो म्हणाला.

"दुसरा कसा? हाच करडा कोट, हीच टोपी, ही अशी मान. सव्वाचारच्या उतरत्या फेरीला तुम्ही हात वर करता, मी थांबते. तुम्ही हात खाली घेता, मी निघते. माझ्या आधी जो चालवायचा त्याने बजावलं होतं मला, कोपऱ्यावर एक म्हातारा असतो, त्याच्यासाठी थांबायचं, त्यात आपल्या बापाचं काही जात नाही." ती हसली. "नाव तेवढं सांगितलं नाहीत कधी."

तो पुढच्या थांब्यावर उतरला. कचेरी अजून दोन थांबे वर होती, तरी उतरला. ट्राम गेल्यावर रुळांची कुरकुर बराच वेळ दगडांत राहिली. ती थांबेपर्यंत तो तिथेच उभा होता आणि आपल्या बुटांकडे बघत होता. बुटांवर बारीक पांढुरकी धूळ होती. ही सकाळपासूनची की आधीची? गेले काही महिने त्याला दुपारची झोप फार गाढ लागत होती. बहीण दीड वाजता शिवणाच्या दुकानात जायची, तो खुर्चीत डोळे मिटायचा, आणि उठायचा तेव्हा साडेपाच वाजलेले असायचे, तोंडाला कोरड, आणि पोटऱ्या अशा दुखत जणू टेकडी चढून आला. कुश्तोदिया, त्याची बहीण, एकदा म्हणालीसुद्धा होती, "झोपताना बूट का घालतोस रे? फरशीवर बघ किती माती." तेव्हा त्याने ते हसण्यावारी नेलं होतं. आता त्याने हिशेब मांडला: साडेतीनची बोट, नदीपलीकडे वीस मिनिटं, ट्राम, सव्वाचारला कोपरा, परत पाचची बोट. बसत होतं. अगदी चपखल बसत होतं. माणसाला आपण कुठे होतो हे माहीत नसावं, आणि नेमकं तिथेच असावं, जिथे मेल्यावरसुद्धा जायचं नाही असं त्याने ठरवलेलं.

कचेरीतल्या कारकुनाने दरवर्षीचा विनोद केला. "स्वतः चालत आलात म्हणजे जिवंत आहात असं धरून चालायचं ना?" एरवी बेलार्मिनो हसायचा. आज त्याने विचारलं, "आणि एखादा माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी दिसला तर?" कारकून शिक्क्यावर फुंकर मारत म्हणाला, "तर पेन्शन एकच मिळेल." शिक्का कागदावर आपटला. बेलार्मिनो तोजाल, वय सदुसष्ट, निवृत्त, आजच्या तारखेस हयात. कागदाची घडी आतल्या खिशात घालून तो बाहेर आला, आणि खरं तर इथून त्याने मागच्या पायऱ्या धरायला हव्या होत्या. उतरताना गुडघा त्रास देत नाही. पण त्याचे पाय दुसरीकडे वळले आणि त्याने त्यांना वळू दिलं. बघूया तरी, त्याच्या मनात आलं, त्यांना कुठली वाट पाठ आहे.

पायांना वाट पाठ होती. चर्चच्या पांढऱ्या भिंतीला लागून खाली, मग वाळत घातलेल्या चादरींच्या खालून, मग डावीकडे तीन पायऱ्या वर, कारण या वस्तीत खाली जायलासुद्धा आधी वर जावं लागतं. नोव्हेंबराचं पातळ ऊन फक्त वरच्या मजल्यांवर उरलं होतं. खाली दगडांवर ओल होती आणि कुठूनतरी कोबीच्या सुपाचा वास येत होता. वळणावर चेस्टनट भाजणारा आपल्या धुराच्या ढगात उभा होता. बेलार्मिनो जवळून जाताना त्याने न विचारता कागदाचा पुडा गुंडाळला आणि पुढे केला. "घ्या, रोजचे सहा. चार दिवस कुठे गायब होता?" धुरामुळे त्याचे डोळे बारीक झाले होते. बेलार्मिनोने पुडा घेतला. काय म्हणणार? पुडा गरम होता, हाताला खरा लागत होता. पुढे न्हाव्याच्या दारात पिवळट रंगाचं एक म्हातारं कुत्रं झोपलं होतं, ते उठलं, आळस देऊन त्याच्या मागून चालू लागलं. पण दहा पावलांवर ते थांबलं. त्याने कोटाचं टोक हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि मान खाली घालून परत गेलं. कुत्र्याचं ते परत जाणं त्याला चेस्टनटवाल्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. माणसं फसतात. कुत्रं फसलं नव्हतं. म्हणजे तो मी नव्हे, त्याला वाटलं, पण सुटल्यासारखं झालं नाही. आपण नाही, तर मग तिथे उभं राहण्याचा हक्क जगात आणखी कुणाला आहे?

एकोणतीस वर्षं तो त्या कोपऱ्यावर उभा होता. बोळ इतका अरुंद की त्यात रुळांची एकच जोडी बसली. घरांची दारं थेट रुळांवर उघडतात, उंबरठ्यापासून हातभर अंतरावरून ट्राम जाते. वरून येणारी गाडी आणि खालून येणारी गाडी आत समोरासमोर येऊ नये म्हणून कंपनीने वरच्या कोपऱ्यावर एक माणूस नेमला आणि त्याच्या हातात दांडी लावलेली लोखंडी तबकडी दिली. एक बाजू लाल, एक हिरवी. वस्तीत त्याला नाव नव्हतं, तो नुसता तबकडीवाला. तो गल्लीकडे तोंड करून उभा राहायचा, वरचा चढ त्याच्या पाठीला. गल्लीला हिरवी म्हणजे पाठीमागच्या गाडीला लाल. गल्लीला लाल म्हणजे पाठीमागच्या गाडीला हिरवी. यात न समजण्यासारखं काही नाही. बोळातल्या लोकांनासुद्धा ते आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. खालून येणारी गाडी कण्हत-कुंथत येते, ती लांबून ऐकू येते. भीती वरून उतरणारीची, ती अंगावर येईपर्यंत कळत नाही. म्हणून बायका दारातून बाहेर पाऊल टाकण्याआधी कोपऱ्यावर बघत. तबकडीवाल्याने हिरवी दाखवली की निघत. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण त्या बोळात तो सगळे पाळत.

आणि ओदेत पाळत नव्हती असं कुणी म्हणू नये. ओदेत इस्त्रीची कामं करायची, वीस वर्षांची, रोज सव्वाचारला कपड्यांची टोपली डोक्यावर घेऊन दार उघडायची आणि हनुवटी उचलून त्याला विचारायची: येऊ? बेलार्मिनो तेव्हा छत्तीस वर्षांचा, बायको आजारी, घरात दिवसभर औषधाचा वास. त्या उचललेल्या हनुवटीची तो सकाळपासून वाट बघायचा, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं आणि सांगण्यासारखं त्यात काही घडलंही नव्हतं. एक खेळ तेवढा होता. मागे गाडी नसली की तो तबकडी गर्रकन फिरवून तिला लाल दाखवायचा. थांब. ती लटक्या रागाने पाय आपटायची. मग तो हसायचा, मोठ्याने, आणि हिरवी फिरवायचा. ये. एवढंच. मागे गाडी आहे की नाही हे बघायची त्याला गरज नसे, कारण कोपऱ्यावर येताना प्रत्येक चालक घंटा वाजवायचाच.

त्या दिवशी वरच्या वळणावरचा चांभार वारला होता. दाराला काळं कापड लावलेलं. ज्या घरात प्रेत आहे त्या घरासमोरून घंटा वाजवायची नाही, ही चालकांची जुनी रीत. किरिनोने ती पाळली. किरिनो सालेमा, त्याचा जिवाभावाचा मित्र, ज्याच्या मुलीला बेलार्मिनोने बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं होतं. गाडी उतारावरून आवाज न करता आली आणि त्याच्या पाठीमागे थांबली. बेलार्मिनोने ओदेतला लाल दाखवली. तिने पाय आपटला. तो हसला. त्याच्या पाठीमागे किरिनोला हिरवी दिसली. गाडी सुटली, आणि दारातून ओदेतही निघाली.

पुढचं त्याला आठवत नाही असं तो म्हणायचा. आठवत सगळं होतं. टोपलीतले शर्ट आठवत होते, बोळभर, आणि एक कॉलर रुळाच्या खाचेत अडकलेली. चौकशीला आलेल्या साहेबाने विचारलं, तबकडी कुठली होती? तो म्हणाला, लाल. खोटं कुठे होतं? गल्लीकडून ती लालच होती. साहेबाने कुठल्या बाजूने ते विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. किरिनो एकदाच म्हणाला, मला हिरवी दिसली. आणि मग बेलार्मिनोकडे बघून गप्प झाला. किरिनोला अठरा महिने तुरुंग झाला, नोकरी गेली, बायको माहेरी निघून गेली. बेलार्मिनोला त्या हिवाळ्यात कंपनीने नवा कोट दिला, आणि त्याच कोपऱ्यावर तो आणखी एकोणीस वर्षं उभा राहिला, तबकडीच्या जागी सिग्नलचे दिवे बसेपर्यंत. एकाही दाराकडे न बघता. तबकडी हलवताना मनगटाशिवाय काही हलू द्यायचं नाही, हे तो शिकला. पुन्हा कधी कोपऱ्यावर हसला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगता येईल, आणि ते सांगून काय उपयोग.

"बाबा."

मागून हाक आली आणि तो जागीच थिजला. "बाबा, अंगात ताप आहे, उठायचं नाही म्हणून किती वेळा सांगू? आणि बाहेर पडलात कधी?" हाक मारणारी बाई हातात ब्रेडची पिशवी घेऊन धावत आली, त्याच्या दंडाला धरून तिने त्याला वळवलं आणि तिचा चेहरा पडला. छत्तिशीची असेल. कपाळ रुंद, भुवया जुळलेल्या. त्या भुवया त्याने कुठे पाहिल्या हे त्याला लगेच कळलं, फक्त तेव्हा त्या किरिनोच्या पाच वर्षांच्या पोरीच्या कपाळावर होत्या.

"लिओनिल्द," तो म्हणाला.

तिनेही त्याला निरखलं, कोट, टोपी, मग डोळे. "बेलार्मिनोकाका? देवा. बाबा तुमचं नाव घेत नाहीत असा दिवस जात नाही." तिच्या बोलण्यात टोमणा असेल म्हणून तो वाट बघत राहिला. नव्हता. "चला घरात. न्यूमोनिया झालाय. डॉक्टर म्हणतात, या वयात काही सांगता येत नाही. तुम्हाला बघून बरं वाटेल त्यांना. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही," तो म्हणाला, आणि ते तरी खरं होतं.

रस्त्याला लागून असलेल्या दारातून ती त्याला आत घेऊन गेली आणि जिन्याने खाली उतरू लागली. या टेकडीवरची घरं अशीच; वरच्या रस्त्याने शिरलं तर तळमजला, खालच्या बोळातून शिरलं तर तोच तिसरा. एक जिना. दुसरा जिना. भिंतींना ओल, कठड्यावर हात फिरून फिरून आलेली झिलई. दुसऱ्या वळणावर इस्त्रीचा वास आला. गरम कापड, कोळसा, किंचित जळकं. त्याने लिओनिल्दला विचारलं, इथे कुणी इस्त्री करतं का. "नाही हो," ती म्हणाली, "पूर्वी करायचे म्हणतात. तुम्हाला येतो वास? मला कधीच येत नाही. बाबांना येतो." खाली जिन्याच्या तोंडाशी एक दार होतं, आणि त्याच्या फटीतून उजेडाची रेघ आत पडली होती. ते दार त्याने बाहेरून हजारो वेळा पाहिलं होतं. "हे ओदेतचं घर आहे," तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" लिओनिल्दने पायरीवर थांबून सांगितलं, रोजची गोष्ट सांगावी तसं. सिग्नलचे दिवे बसले, कोपरा रिकामा झाला, त्याच वर्षी किरिनो इथे आला होता. ओदेतची आई एकटी, डोळ्यांनी अधू. दार उघडल्यावर त्याने आपलं नाव सांगितलं. म्हातारी एवढंच म्हणाली, बाजारातून सामान आणून देशील? चार वर्षांनी ती गेली ती त्याच्या हातून सूप पिऊन. "आणि रोज सव्वाचारला तिथे जाऊन उभे. लाल दाखवतात, हाताने. मी आधी भांडायचे, बाबा, लोक वेडे म्हणतील. आता नाही बोलत. त्यांचं त्यांनाच ठाऊक." तिने त्याच्याकडे बघितलं. "तुमच्यावर मात्र कधी राग धरला नाही हं त्यांनी."

किरिनो खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून होता. चेहरा इतका आटलेला की बेलार्मिनोने ओळखलं ते खुंटीवरच्या कोटावरून. त्याच्यासारखाच करडा, कॉलर तशीच झिजलेली. त्या कोटाकडे बघताना त्याला आपणच तिथे टांगलेले आहोत असं क्षणभर वाटलं.

"आलास," किरिनो म्हणाला. "अजून जिवंत आहेस?"

"आत्ताच शिक्का मारून आणला."

किरिनो हसला आणि हसता हसता खोकला. लिओनिल्दने त्याला पाणी पाजलं आणि सूप बघायला गेली. खिडकीच्या खालून, खोलवरून, एक गाडी कण्हत वर गेली, तिच्यासरशी पेला काठाला वाजला. दोघांनीही ती जाईपर्यंत तिकडे कान दिला. जुनी सवय.

"तो कंपनीचा कोट जुन्या बाजारातून घेतला," किरिनो म्हणाला. "तिथे उभं राहायचं तर कोट हवा. साध्या कपड्यातल्या माणसासाठी कोण थांबेल? तुझ्यासारखी मान करायला मात्र वेळ लागला. वाकडीच आहे की रे तुझी मान."

बेलार्मिनोने टोपी काढली. त्याला वाटलं होतं, ही वेळ आली तर शब्द सापडणार नाहीत. शब्द एकतीस वर्षं तयारच होते, तोंडात अडकून. "किरिनो, तुझ्या बाजूने हिरवी होती. मी तिची गंमत करत होतो. तिला लाल दाखवली, म्हणून तुला हिरवी. मला माहीत होतं. चौकशीच्या वेळीही माहीत होतं. तू म्हणालास तेच खरं होतं."

खोलीत सुपाचा वास आला, मग पुन्हा ते जळकं कापड. नंतर किरिनोने हात लांब करून बेलार्मिनोच्या मनगटावर थोपटलं, आजारी माणसाने नव्हे, आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसाने थोपटावं तसं.

"तू पहिल्यापासून असाच," तो म्हणाला. "चांगला. मरणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं आपण घ्यावं म्हणून आलास."

"मी खरं सांगतोय."

"पहिली दोन-तीन वर्षं मलाही हिरवीच दिसायची. झोपेत, जेवताना. मग विचार केला, बेलार्मिनो कशाला खोटं बोलेल? त्याला माझ्याशी काय वैर? माझ्या पोरीला हातात धरलेला माणूस. मग हळूहळू लाल दिसायला लागली. आता तर लख्ख दिसते. ठिपका ना ठिपका." त्याचा श्वास चढला होता. तो थांबला, आणि नंतर बोलला तेव्हा आवाज अगदी खाली आला होता. "ती लाल धरून मी जगलो रे. ओदेतच्या आईला सूप भरवलं ते तिच्यामुळे. आता तू हिरवी म्हणालास, तर मला काय उरतं? नुसतं भोगलं, फुकट. ते नको देऊस मला. तेवढं नको."

किरिनोला खरं कळलं होतं की नाही, हे त्या डोळ्यांत बघूनही बेलार्मिनोला कळेना, आणि ते आता कधी कळणारही नव्हतं. क्षमा मागायला आलेल्या माणसाला निदान दार बंद तरी मिळायला हवं. इथे दार सताड उघडं होतं आणि आत घेणारा त्याचंच सांत्वन करत होता. त्याने पुन्हा एकदा तोंड उघडलं. किरिनोने मान हलवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

"चार वाजून दहा झाले. सोमवारपासून कोपरा मोकळा आहे, मला झोप नाही. तू जा. खालच्या दाराने जा, जवळ पडेल. कोट आहेच अंगावर." मग डोळे मिटून त्याने पुस्ती जोडली, "तुझंच तर काम होतं."

शेवटचा जिना अंधारा होता. बेलार्मिनोने कडी काढली, दार आत ओढलं, आणि हातभर अंतरावर रूळ चकाकले. तो उंबरठ्यावर थांबला. या दारातून त्याने आयुष्यात कधी बाहेर बघितलं नव्हतं. सवयीने, त्या बोळातल्या कुणीही बघितलं असतं तसं, त्याने मान वळवून वर कोपऱ्याकडे पाहिलं. कोपऱ्यामागे मोकळं आकाश होतं आणि दोन्ही बाजूंच्या काळोख्या भिंतींमधून त्याचा सगळा उजेड थेट डोळ्यांवर येत होता. तेवढ्यात वरून एक बाई छत्री काखेत मारून त्या खचलेल्या दगडांवरून गेली. नुसती काळी आकृती. छत्री कुठल्या रंगाची, झगा कुठल्या रंगाचा, काही म्हणता काही कळेना. त्याने कपाळावर आडवा हात धरला, डोळे बारीक केले. तरी नाही.

त्याला समजायला फार वेळ लागला नाही. इथून तबकडी कधी लाल दिसलीच नव्हती. हिरवीही नव्हती. दहा वर्षं तो रंग दाखवत होता आणि या दारात उभ्या असलेल्या पोरीला एक काळा माणूस आणि एक काळी तबकडी, एवढंच दिसत होतं. पाय आपटायची तेव्हा ती नुसत्या फिरत्या मनगटाला आपटायची. मग ती निघायची कशावरून? बोळात आवाज फार छान येतो. वरची ती बाई आता कुणाशी तरी बोलत होती आणि तिचा शब्द न् शब्द इथे ऐकू येत होता. ओदेत त्याच्या हसण्यावर निघायची. तो हसला की खेळ संपला, वाट मोकळी. त्या दिवशी तो हसला होता.

तो उंबरठा उतरला आणि भिंतीला हात लावत वर चालू लागला. गुडघा दुखत होता, त्याकडे त्याने लक्ष दिलं नाही. खचलेल्या दगडांनी त्याचे पाय ओळखले. टाचा आपोआप त्या दोन खळग्यांत बसल्या. चेस्टनटचा पुडा अजून हातात होता, तो त्याने कोटाच्या खिशात घातला, दाखल्याच्या कागदाला लागून. मग तो आयुष्यात पहिल्यांदा त्या जागेवर उलटा फिरला, गल्लीला पाठ करून आणि चढाला तोंड देऊन.

वरच्या वळणावर घंटा वाजली. सव्वाचारची गाडी उतरत आली, समोरच्या काचेमागे तीच मुलगी. दिवा हिरवा होता. बेलार्मिनोने हात वर केला, तळवा तिच्याकडे. गाडी थांबली. तिने त्याला ओळखलं, हसून मान डोलावली, आणि नेहमीप्रमाणे तो हात खाली घेईल म्हणून वाट बघू लागली. त्याच्या पाठीमागे, खाली बोळात, एक दार उघडल्याचा आवाज आला. ते त्याने नीट ओढून घेतलं नसेल. लिओनिल्द खाली आली असेल. कुणीही असेल. त्याने वळून पाहिलं नाही.

मुलीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काका, जाऊ का आता? लोक खोळंबलेत."

त्याने हात तसाच धरला. गाडीतली माणसं माना उंचावून बघू लागली, कुणीतरी काचेवर टकटक केली. त्याने चेहरा अगदी स्थिर ठेवला, ओठसुद्धा हलू दिले नाहीत, आणि मागच्या उंबरठ्यावरून कुणाची तरी पावलं सुरक्षित निघून गेल्याची चाहूल लागेपर्यंत हात खाली घेतला नाही.